वाचकांचे प्रश्न : वारेतली लावणी

प्रश्न : बाई, मी देवगड तालुक्यात आशा म्हणून काम करते. माझ्या यादीत एक पहिलटकरीण आहे. सातवा महिना लागलाय आणि गेल्या महिन्यात वजन जागचं हललेलं नाही. घरी तिला सकाळी पेज, दुपारी-रात्री भात. कुळीथ ‘गरम पडतात’ म्हणून बंद. जून-जुलैत बंदीमुळे ताजी मासळी नव्हती, आता श्रावण म्हणून सुकी पण नाही. मी प्रथिनांचं समजवायला गेले तर तिचा बारावी सायन्सचा दीर म्हणाला, ‘वार स्वतःच अमिनो आम्लं बनवते, मी वाचलंय. वहिनीने नाही खाल्लं तरी बाळाचं अडत नाही.’ सासूबाईंना तेवढंच हवं होतं. हे खरं आहे का? आणि नसेल तर त्या मुलाला पटेल असं काहीतरी लिहा. आमचं तो ऐकत नाही.

उत्तर : तो दीर खोटं बोलत नाहीये, ताई. वार, म्हणजे प्लॅसेंटा, अमिनो आम्लं बनवते; प्रथिनं घडतात ती या आम्लांचीच. पण ‘बनवते’ या एका शब्दात त्याने फार माल भरलाय. तो उतरवून बघायला मला जरा जागा लागेल.

आधी वार डोळ्यांपुढे आणू. तुम्ही पाहिली असेल, दिराने नाही. आचऱ्याकडच्या आमच्या वाडीत बाळंतपणं घरीच व्हायची. बाळ रडलं की सुईण त्याला दुसरीच्या हातात द्यायची आणि वारेची वाट बघत बसायची. आली की केळीच्या पानावर पसरायची, आईकडची बाजू वर करून. मोडलेल्या भाकरीचे तुकडे जुळवावेत तशी सगळीकडून जुळवून बघायची. ‘वार सगळी इली काय ता आधी बघ,’ हे तिचं वाक्य मी पडवीतून कितीदा ऐकलंय. तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही, हे तिला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

पुढे मी मुंबईला जीवरसायनशास्त्र शिकले, शिकवलं, आणि उमेदीची सहा वर्षं वारेवरच काढली. प्रसूतिगृहातून ताजी वार बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत न्यायची, हे माझं काम. अर्ध्या तासाच्या आत पोचली तर जिवंत, नाहीतर नुसतं मांस. डबा घट्ट लावलेला, त्यातून बर्फाचं पाणी गळतंय, म्हणून एका टॅक्सीवाल्याने आरशातून बघत विचारलं होतं, ‘पापलेट काय भावाने मिळाली?’ मी भाव सांगितला. दुसरं काय सांगणार? एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. चाळीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा डब्यातला प्रयोग संपलेला होता आणि मी जिन्यात बसून रडले होते.

पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची, वीतभर रुंद, मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जाड. आईकडच्या बाजूला तिच्यात झाडाच्या फांद्यांसारखे अंकुर असतात आणि ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. सगळे अंकुर उलगडून पसरले तर दहा बाय बाराची खोली भरेल इतकं क्षेत्रफळ. या सगळ्या पसाऱ्यावर एकच अस्तर असतं. त्यातल्या पेशी एकमेकींत विरघळलेल्या असतात, मध्ये कुठे भिंत नाही. सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट हे त्याचं नाव. परीक्षेत ते लिहिताना निम्म्या मुलांची ओळ संपायची. आपण त्याला अस्तर म्हणू. या अस्तराला दोन तोंडं, एक आईच्या रक्ताकडे, एक बाळाकडे. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. जे जायचं ते या अस्तरातून.

आता दिराला पहिला प्रश्न विचारा. बहुतेक अमिनो आम्लांचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा बाळाच्या रक्तात जास्त असतं. मग ती आईकडून बाळाकडे जातात कशी? पाणी खाजणातून डोंगरावर चढतं का?

चढतं, पंप लावला तर. आम्ही काय करायचो, अंकुरांचे बारीक तुकडे खारट द्रावणात ठेवायचो आणि त्यात किरणोत्सारी खूण केलेलं एक बनावट अमिनो आम्ल घालायचो. बनावट अशासाठी की शरीराला ते पुढे वापरता येत नाही, आत गेलं ते तसंच राहतं, मोजता येतं. तुकडे ते भराभर आत ओढायचे. मग द्रावणातलं सोडियम काढून त्याजागी दुसरं काहीतरी घालायचं. ओढणं एकदम मंदावायचं. शिरोड्याच्या मिठागरात निघतं त्याच मिठातलं हे सोडियम. अस्तर आतलं सोडियम सतत बाहेर फेकत असतं, त्यासाठी ऊर्जा जाळतं. बाहेर साचलेलं सोडियम पुन्हा आत घुसू बघतं आणि घुसताना अॅलानीन, ग्लायसीन, सेरीन अशा लहान अमिनो आम्लांना हाताला धरून आत आणतं. ही झाली पहिली वाट.

दुसरी वाट पैऱ्याची. लावणीला आपण एकमेकांच्या शेतात पैऱ्याने जातो ना, तुझं एक माणूस माझ्याकडे, माझं एक तुझ्याकडे, तशी अस्तरातली काही वाहक प्रथिनं अदलाबदलच करतात. आत साठलेलं एखादं साधं अमिनो आम्ल बाहेर द्यायचं आणि त्याच्या बदल्यात ल्युसीन किंवा फेनिलअॅलानीन आत घ्यायचं. म्हणजे पैऱ्याला द्यायला घरात माणूस पाहिजे. पहिल्या वाटेने साठा झाला तरच दुसरी वाट चालते. ज्यांची पोटातली वाढ खुंटते अशा बाळांच्या वारेत ती पहिली, सोडियमची वाट मंदावलेली सापडते, हे नव्वदच्या दशकापासून माहीत आहे.

मिशेरीचं इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल. वारेच्या अंकुरांवर निकोटिन घातलं तर अमिनो आम्लं ओढणं कमी होतं, असं प्रयोगात दिसलेलं आहे. तुमच्या पहिलटकरणीला विचारा. सासूबाईंसमोर नको, विहिरीवर विचारा.

हे सगळं झालं नुसतं नेणं. बनवणं आता सुरू होतं.

अमिनो आम्ल म्हणजे कार्बनचा एक सांगाडा आणि त्याला लागलेला नायट्रोजनचा एक गट. सांगाड्याला आपण कुणगा (भाताचं खाचर) म्हणू आणि नायट्रोजनला तरवा (भाताची रोपं). आषाढात तुम्ही काय करता? एका कुणग्यात दाट उगवलेला तरवा उपटता, मुठी बांधता आणि दुसऱ्या कुणग्यात लावता. पेशी नेमकं हेच करते. एका अमिनो आम्लाचा नायट्रोजन काढून दुसऱ्या रिकाम्या सांगाड्यावर लावते. पहिलं अमिनो आम्ल राहत नाही, दुसरं नवं तयार होतं. सोव्हिएत रशियात ब्राउनस्टाइन आणि क्रिट्समान यांनी १९३७ मध्ये हे उलगडलं. मुठी डोक्यावरून वाहणारी बाई म्हणजे बी-६ जीवनसत्त्व. तरवा एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने देण्याचं काम त्याचं.

दिराला हे परकं वाटेल, पण त्याच्याच घरात कुणाला लेप्टो झाला असेल तर त्याने याचं नाव वाचलेलं आहे. रक्ताच्या रिपोर्टवर ‘एसजीपीटी’ असतं ना? त्यातला जी म्हणजे ग्लुटामेट हे अमिनो आम्ल, पी म्हणजे पायरुवेट हा रिकामा सांगाडा. त्यांच्यामध्ये लावणी करणारं ते एन्झाइम. यकृताला मार बसला की ते रक्तात सांडतं, म्हणून डॉक्टर मोजतात. वारेत याच जातीची एन्झाइमं आपल्या जागी बसून काम करत असतात.

आता पेजेचं बघा. पेजेतल्या भाताची साखर होते, साखर मोडून पायरुवेट होतं. पायरुवेट म्हणजे चिखल करून तयार ठेवलेला कुणगा. त्यात एक तरवा लावला की अॅलानीन झालं. वारेला हे सहज जमतं. म्हणजे भाताने कुणगे भरपूर मिळतात. तरवा कुठून आणायचा? वार हवेतला नायट्रोजन घेत नाही. तो कुठल्या तरी दुसऱ्या अमिनो आम्लाचाच काढून घ्यावा लागतो आणि ते आईच्या ताटातून नाहीतर आईच्या स्वतःच्या स्नायूंतून येतं. दिराचं वाक्य इथे मोडतं. बाळाचं पुष्कळदा अडत नाही, तो म्हणतो ते तितकं खरं. आईच्या अंगातून वसुली होते.

वसुलीची एक ठरलेली वाट सांगते. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं वार आईकडून भरपूर ओढते. त्यातली सगळी बाळाकडे जात नाहीत. काहींचा तरवा वार स्वतःच उपटते आणि ग्लुटामेट तयार करते. मग ग्लुटामेटच्या कुणग्यात अमोनियाचा आणखी एक तरवा खोचते, ते झालं ग्लुटामीन. (हे दुसरं रोपण हान्स क्रेब्झ यांनी १९३५ मध्ये दाखवलं, ज्या क्रेब्झ चक्रावरून दिराला बारावीत प्रश्न येतो त्याच्या दोन वर्षं आधी.) ग्लुटामीन बाळाला लागतं भरपूर. नव्या पेशीत नवं डीएनए करायचं तर त्याचा नायट्रोजन हवा, आणि बाळ दुसरं करतंय काय, पेशीच तर वाढवतंय.

हे कळलं कसं, याची गोष्ट मला नेहमी आवडत आली आहे, म्हणून थोडी थांबते. नाळेत तीन वाहिन्या असतात. दोन धमन्या बाळाकडून वारेकडे रक्त आणतात, एक शीर वारेकडून बाळाकडे नेते. येतानाच्या आणि जातानाच्या रक्तातली अमिनो आम्लं मोजली की वारेने काय घातलं, काय काढून घेतलं याचा जमाखर्च मांडता येतो. माणसात हे बाळंतपणाच्या क्षणीच जमतं. मेंढीत मात्र अमेरिकेतल्या डेन्व्हरला बटाग्लिया आणि मेस्किया यांच्या गटाने आईच्या आणि पोटातल्या कोकराच्या वाहिन्यांत बारीक नळ्या बसवून दिवसचे दिवस मोजमाप केलं. मेंढी उभी आहे, चारा खातेय, आणि तिकडे हिशेब चालू आहे.

हिशेबात निघालं ते चमत्कारिक होतं. ग्लुटामेट वारेतून बाळाकडे जात नव्हतं. उलट बाळाकडून वारेकडे येत होतं. कोकराचं यकृत ग्लुटामेट सोडत होतं, वार ते आत ओढून घेत होती, त्यातलं बरंचसं स्वतः जाळत होती आणि परत पाठवत होती ग्लुटामीन. यकृत ते ग्लुटामीन घ्यायचं आणि पुन्हा ग्लुटामेट सोडायचं. सेरीन आणि ग्लायसीन यांचीही अशीच जोडी निघाली. यकृत ग्लायसीन घेऊन सेरीन देतं, वार सेरीन घेऊन ग्लायसीन देते. वार आणि यकृत दोघी जावांसारख्या, एकीने कुटायचं, दुसरीने पाखडायचं.

माणसात ग्लुटामेटचं खातं तसंच निघालं. सेरीन-ग्लायसीनचं मात्र जुळत नाही. माणसाच्या वारेवर केलेल्या प्रयोगात सेरीनपासून ग्लायसीन फारसं होताना दिसलं नाही. आणि यात नवल नाही. मेंढीची वार म्हणजे आपल्यासारखी एक थाळी नव्हेच. गर्भाशयभर पसरलेली सत्तर-शंभर बटणं असतात, गाईलाही असतात, आणि तिथे आईचं रक्त अंकुरांना थेट भिजवत नाही. मेंढीचं सगळं माणसाला लावायची घाई आमच्या वेळीही व्हायची. दिराने जिथे वाचलं तिथे मेंढी होती की माणूस, ते त्याला बघायला सांगा.

आता राहिली ती नऊ. प्रथिनांत वीस अमिनो आम्लं लागतात, त्यातल्या नऊंचा सांगाडाच माणसाच्या शरीराला घडवता येत नाही. आईच्या नाही, बाळाच्या नाही, वारेच्याही नाही. त्यातही लायसीन आणि थ्रिओनीन ही दोन इतकी हट्टी, की त्यांचा तरवा एकदा उपटला तर त्या कुणग्यात पुन्हा लावता येत नाही. लायसीन हे तांदळात कमी पडणारं अमिनो आम्ल. कुळीथ, मूग, चवळी, वाटाणा यांत ते भरपूर. पेज आणि भात एवढ्यावर बसलेल्या बाईच्या वारेला नेमकी जी वस्तू घडवता येत नाही, ती वस्तू तिच्या ताटात सगळ्यात कमी आहे. दिराला एवढं पटलं तरी माझं काम झालं.

अजून एका अर्थाने वार अमिनो आम्लं ‘बनवते’, ते मात्र दिराला ठाऊक नसेल. पहिले दहा-अकरा आठवडे आईचं रक्त अंकुरांपर्यंत धड पोचतही नाही. तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या ग्रंथी एक स्राव सोडतात. अंकुर त्यातली प्रथिनं अख्खी गिळतात आणि आत मोडून त्यांची अमिनो आम्लं करतात. केंब्रिजच्या बर्टन यांच्या गटाने २००२ मध्ये हे नीट दाखवलं. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांनी बेजार झालेल्या मुली ‘बाळ उपाशी राहिलं’ म्हणून रडतात, त्यांना मी हे सांगते. बाळाची शिदोरी त्या वेळी वेगळ्या कोठीतून येत असते.

पण तुमची सातव्यात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार शेवटच्या तीन महिन्यांत रोजच्या ४६ ग्रॅम प्रथिनांवर आणखी २२ ग्रॅम लागतात. शंभर ग्रॅम कुळथात साधारण तेवढी असतात. तरी कुळथावरून सासूबाईंशी भांडू नका. त्यांच्या कुळथाला हात न लावता श्रावण पाळून सगळं भागतं. सकाळच्या पेजेबरोबर मुगागाठी, दुपारी चवळीची उसळ, रात्री काळ्या वाटाण्याचं सांबारं, एक-दोन वाट्या दही किंवा पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे. श्रावण सरला की अंडी, बांगडा, तारली. सुकी मासळी द्यायची तर दोनदा पाण्यातून काढून, आणि रक्तदाब वाढला असेल तर नकोच. मोठी मोरी (शार्क) गरोदरपणात टाळा, तिच्यात पारा साठतो.

दुकानातला प्रथिनांच्या भुकटीचा डबा घ्यायला सांगू नका. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गरीब गरोदर बायांना प्रथिनांचा मोठा डोस देऊन पाहिला होता. १९८० मध्ये निकाल छापून आला. बाळं जड झाली नाहीत, उलट त्या गटात फार लवकर झालेली बाळंतपणं आणि त्या बाळांचे मृत्यू जास्त दिसले. भाताबरोबर डाळ, डाळीबरोबर भात, असं एकत्र जेवण वाढवलं तर मात्र वजन सुधारतं. प्रथिनं नुसती एकटी वाढवली आणि पोटभर जेवणच नसेल तर शरीर तीच जाळून टाकतं.

आणि एक महिनाभर वजन हललेलं नाही, हे ताटावर सोडून देण्यासारखं नाही. तिला या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. हिमोग्लोबिन, रक्तदाब, लघवी आणि बाळाची वाढ बघून घ्या. दिराला बरोबर न्या. मोटारसायकल त्याचीच असेल.

प्रश्न : सूनबाईंना पाचवा महिना आहे. संध्याकाळी नाक्यावरच्या चायनीज गाडीवरचं खायची आवड. मी वाचलं की अजिनोमोटो बाळाच्या मेंदूत जातं. मुलगा म्हणतो मी उगाच घाबरतो. (एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर, रत्नागिरी)

उत्तर : वरचं उत्तर वाचलंत तर अर्धं काम झालं. अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेट, सोडियम लावलेलं. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या कढातून ते वेगळं काढलं. पिकलेल्या टोमॅटोत ते असतंच. सुक्या मासळीच्या कालवणाची ती जी जिभेवर रेंगाळणारी चव, तिच्यातही त्याचा हात आहे.

तुमची भीती अगदी निराधार नाही. मेंदूत ग्लुटामेट हा निरोप्या आहे, आणि निरोपे फार झाले तर मज्जापेशी मरतात. म्हणूनच शरीराने दोन दरवाजे ठेवलेत. पहिला आतड्यात, खाल्लेलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याची भिंतच इंधन म्हणून जाळते, रक्तात फार थोडं उतरतं. दुसरा दरवाजा वार. ती आईकडचं ग्लुटामेट बाळाला देत नाही, उलट बाळाकडचंच ओढून घेते. १९७५ मध्ये गाभण माकडिणींच्या शिरेत थेट ग्लुटामेट सोडून पाहिलं होतं. आईच्या रक्तात ते प्रचंड वाढवल्याशिवाय पिल्लाच्या रक्तात वाढत नव्हतं. गाडीवरच्या प्लेटमधून तिथवर पोचायचं तर सूनबाईंना गाडीच गिळावी लागेल.

गाडीवर नजर ठेवायची तर त्या दुपारपासून उघड्या ठेवलेल्या भातावर ठेवा, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलावर ठेवा, बादलीतल्या पाण्यावर ठेवा. कावीळ आणि जुलाब वारेला विचारून येत नाहीत. आणि एक सुचवू? तुम्ही घाबरता असं मुलामार्फत कळवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा घरी नूडल्स करा. पोस्टमास्तरांना जमेल.

प्रश्न : आमच्याकडे जुनी माणसं म्हणत, ‘जिथे नाळ पुरली तिथलं माणूस.’ माझी वार आणि नाळ आजीने परसात एका माडाच्या मुळाशी पुरली. तो माड आज वाडीत सगळ्यात उंच आहे. वारेमुळे माडाला खरंच बळ मिळतं का? (एक बागायतदार, दापोली)

उत्तर : पुरतात ती वार, आणि मान मिळतो नाळेला. वारेच्या वाट्याला हे नेहमीच येतं.

माडाचा हिशेब करून बघू. तुमची वार अर्ध्या किलोची धरा. त्यात दहा-बारा टक्के प्रथिनं, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम, बाकी बहुतेक पाणी. प्रथिनांचा सोळा टक्के भाग नायट्रोजन असतो. म्हणजे सगळी वार कुजून मातीत मिळाली तर माडाला आठ-नऊ ग्रॅम नायट्रोजन मिळाला. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, तेव्हा तो झाला सतरा ते वीस ग्रॅम युरिया. चहाचे पाच चमचे. फळत्या माडाला वर्षाला अर्धा ते एक किलो नायट्रोजन लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको, कृषी विद्यापीठ तुमच्या दारातच आहे.

आईने नऊ महिने ताटातून वेचलेला, वारेने एका सांगाड्यावरून दुसऱ्यावर लावलेला नायट्रोजन शेवटी माडाच्या एका झावळीपुरता पुरला असेल. बाकीची उंची बहुधा न्हाणीच्या पाण्याची. परसातला माड म्हणजे न्हाणीचं पाणी त्याच्याकडेच जात असणार, बघून सांगा. आणि वर्षाला किती नारळ देतो, तेही कळवा.